मुरबाडचा सिद्धगड : छप्पर नसलेलं संग्रहालय

लष्करी इतिहास म्हटलं की आपल्याला अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आठवतं, दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आठवतं. पण ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात, भीमाशंकर अभयारण्याच्या जंगलात सिद्धगडाच्या कुशीत एक स्मारक आहे. इथे ना तिकीट, ना काचेची कपाटं.

हे स्मारक आहे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले. सावकारी पाशात अडकलेल्या शेतकरी-आदिवासींसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. 1942 च्या ‘चले जाव’ आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला.

दस्त्याचं लक्ष्य होतं विजेचे मनोरे. का? मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे चालत होत्या त्या खोपोली, भिवपुरीसारख्या जलविद्युत केंद्रांतल्या विजेवर. डोंगरातला एक मनोरा कोसळला, की त्याचा फटका थेट मुंबईला आणि पर्यायाने महायुद्धात गुंतलेल्या ब्रिटिश सरकारला.

2 जानेवारी 1943 च्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडच्या रानात दस्त्याला वेढलं. गोळीबारात भाई आणि दस्त्यातले त्यांचे साथीदार हिराजी पाटील या दोघांनाही वीरमरण आलं. भाईंचं वय अवघं तीस.

दरवर्षी 2 जानेवारीला लोक पहाटेच इथे अभिवादनाला जमतात. ट्रेकर मंडळी, नारिवलीमार्गे गडावर जाताना स्मारकापाशी जरूर थांबा, आणि सोबतच्या मुलांना ही दोन नावं आवर्जून सांगा!