डोक्यावर वजन उचलताना कंबर का धरते?

नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या कामासाठी फिरताना कंबर धरलेली दोन प्रकारची माणसं आम्हाला हमखास भेटतात. एक, स्लॅबच्या कामावर घमेली खालून वर देणारे बाया-माणसं. दुसरी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. गोळाफेकीत मार्क मिळावेत, खांदे भरावेत म्हणून ती जिममध्ये उभ्याने रॉड डोक्यावर उचलतात. एकाच्या हातात माल, दुसऱ्याच्या हातात लोखंड, पण शरीर करतं तेच काम: छातीपासचं वजन डोक्याच्या वर नेणं. आणि दोघांची चूकही बहुतेक वेळा एकच असते.

दुखतं कमरेत, कारण असतं वर

कमरेत पाच मणके असतात. तिथे कणा आत वळलेला असतो, त्याला आपण कमरेचा खळगा म्हणतो. हा खळगा असायलाच हवा. पण वजन वर नेताना खांदे पुरेसे मोकळे नसले किंवा वजन झेपत नसलं, की आपण छाती पुढे काढतो आणि मागे झुकतो. खळगा खोल होतो, मणक्यांचे मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि कमरेचे स्नायू सारखे आखडलेले राहतात. काम चालू असताना कळत नाही. रात्री पाठ टेकली की कंबर बोलायला लागते.

मोठ्या खेळाडूंचंही हेच झालं होतं. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये पूर्वी उभ्याने वजन वर ढकलण्याचा वेगळा प्रकार होता. खेळाडू इतके मागे वाकू लागले की नियमात बसणारं उचलणं कोणतं हे पंचांना ठरवता येईना, आणि कमरेच्या इजेची भीतीही होती. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार बंद झाला. तेव्हा "मागे झुकलं की जास्त उचलतं" हे खरं असलं, तरी ते जास्तीचं वजन कंबर उचलते, खांदा नाही.

आधी भिंतीपाशी तपासा

भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. कंबर भिंतीला टेकवा आणि दोन्ही हात सरळ ठेवून वर न्या. कंबर न सुटता अंगठे भिंतीला लागले तर खांदे मोकळे आहेत. कंबर सुटली तर खांदे आखडलेले आहेत, आणि त्यांची उणीव कंबर भरून काढते आहे. अशांनी थोडे दिवस वजन कमी ठेवावं आणि हाच भिंतीचा व्यायाम रोज दहा वेळा करावा.

जिममध्ये जाणाऱ्यांसाठी

1. पाय कमरेइतक्या अंतरावर, दोन्ही पायांवर सारखा भार.
2. उचलण्याआधी कुल्ले घट्ट आवळा. कुल्ले आवळलेले असले की कंबर मागे झुकायला जागाच राहत नाही. सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीने पडतो.
3. कोणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून पोट घट्ट करा. छातीच्या खालच्या फासळ्या पुढे येऊ देऊ नका.
4. रॉड तोंडाजवळून सरळ वर न्या. वाटेत हनुवटी आड येते, म्हणून डोकं थोडं मागे घ्या, कंबर नाही. रॉड कपाळाच्या वर गेला की डोकं पुन्हा जागेवर. शेवटी रॉड, खांदे, कंबर आणि तळपायाचा मध्य एका रेषेत यायला हवेत.
5. वर ढकलताना श्वास सोडा. बीपी असलेल्यांनी श्वास कोंडून वजन उचलू नये.
6. एकाच वजनाने दहा वेळा कंबर न हलता जमलं, तरच पुढचं वजन, तेही थोडंच वाढवा. शेजारच्याचा रॉड पाहून वाढवू नका.

एवढं करूनही दुखत असेल तर पाठीला टेकण असलेल्या बाकावर बसून उचला, किंवा एका हाताने हलका डंबेल उचला. पट्टा बांधून दुखणं दाबू नका. पट्टा आधार देतो, चुकीची पद्धत सुधारत नाही.

स्लॅबवर, बांधकामावर

इथे वजन आपल्या हातात नसतं, मुकादमाच्या हातात असतं. ओलं काँक्रीट फार जड, एक घनफूट म्हणजे साधारण 68 किलो. म्हणून घमेलं काठोकाठ भरण्यापेक्षा पाऊण भरून एक फेरी जास्त मारलेली बरी. खालचा आणि वरचा माणूस यांच्यातलं अंतर कमी करा, मध्ये आणखी एक माणूस किंवा एक फळी वाढवा. घमेलं छातीला लागून वर न्या, हात लांब करून नको. बाजूच्याला देताना कमरेतून पीळ देऊ नका, पाय वळवा. तासा-दीड तासाने जागा बदला: वर देणाऱ्याने खाली भरायला यावं. पाणी पीत राहा.

हे एकट्याने मागितलं तर मुकादम ऐकत नाही, सगळ्या टोळीने मागितलं तर ऐकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्येच सांगितलं की प्रौढ पुरुषाने नेहमीच्या कामात 55 किलोपेक्षा जास्त ओझं उचलू नये, आणि बाईचं ओझं त्याहून बरंच कमी असावं. महाराष्ट्रात हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आला, तोही संघटनेच्या जोरावर. कंबर सांभाळणं ही नुसती व्यायामाची गोष्ट नाही.

बाळंत झालेल्या बाईला दीड महिना तरी असं काम देऊ नये. अंग बाहेर येत असेल तर ओझं थांबवून आधी तपासणी करावी.

घरचे तीन व्यायाम

उताणे झोपून गुडघे वाकवा, कुल्ले आवळून कंबर वर उचला, पाच आकडे मोजा. दहा वेळा. मग उताणेच राहून कंबर जमिनीला टेकवलेली ठेवा आणि उजवा हात व डावा पाय हळू लांब करा, मग उलट. दहा वेळा. शेवटी एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे ठेवून मागच्या मांडीला पुढून ताण द्या, तीस आकडे मोजेपर्यंत. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात.

दुखलं तर काय करावं, काय नको

दोन्ही बाजूंनी सारखं, मंद दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं. शेक घ्या, चालत-फिरत राहा. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहिलं तर कंबर आणखी आखडते. उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाय लावून घेतला जातो. पायाळूपणात काही शक्ती नसते, आणि लाथ जोरात बसली तर नुकसान होतं. मेडिकलमधून परस्पर दुखीच्या गोळ्या रोज खाऊ नका, त्याने पोटात अल्सर होतो आणि किडनी खराब होते.

मात्र पुढचं काही दिसलं तर थांबू नका:
- दुखणं कमरेतून पायात उतरणं, पायात मुंग्या किंवा ताकद कमी होणं.
- जांघेत बधिरपणा, लघवी अडकणं किंवा आपोआप होणं. यात त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.
- पडल्यानंतरची कंबरदुखी.
- कंबरदुखीसोबत ताप, वजन घटणं, रात्री वाढणारं दुखणं. मणक्याला टीबी होतो, आणि तो औषधाने बरा होतो.

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत हाडांचा विभाग आहे. जाताना कोणतं काम करता, किती ओझं उचलता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते कळल्याशिवाय उपचार अर्धाच राहतो.

आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला भिंतीपाशी उभं करून ती तपासणी करून बघा. ज्याची कंबर सुटते, त्याच्या हातातलं वजन उद्यापासून कमी करा.