एंजिनाच्या संगणकाची निवड : तक्रारीची भाषा आणि कोष्टकाची भाषा

‘गाडी उचलत नाही’, ‘मिसिंग करते’, ‘पिकअप गेला’, ‘ॲव्हरेज पडले’ ही वाक्ये वाशीम, कारंजा किंवा रिसोड येथील कोणत्याही गॅरेजाच्या दारात उभे राहिले असता ऐकू येतात. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात अर्थाविषयी कसलाही संभ्रम नसतो. परंतु एंजिनाचे नियंत्रण करणारा जो संगणक आज बाजारात विकत मिळतो, त्याच्या पुस्तिकेत यांपैकी एकही शब्द आढळत नाही. तेथे असतात केवळ कोष्टके. फेरफार केलेल्या मोटारीसाठी असा, म्हणजे ज्यातील कोष्टके मालकास स्वतः बदलता येतात असा, संगणक कोणत्या कसोट्यांवर निवडावा याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, अशी शंका कोणी घेईल. ही निवड जेथे फसते तेथे चुकीचे मूळ पुष्कळदा तक्रारीचे कोष्टकात भाषांतर न होण्यात असते, असे माझे मत आहे, आणि भाषांतर हा तर आपलाच प्रांत होय.

प्रथम या संगणकाचे काम काय ते पाहू. एंजिनात ओढल्या गेलेल्या हवेच्या वजनाचा अंदाज घ्यावयाचा, त्या वजनाला साजेल एवढे पेट्रोल इंजेक्टरातून सोडावयाचे आणि योग्य क्षणी ठिणगी पाडावयाची, इतकेच. मिनिटाला ६,००० फेऱ्या घेणाऱ्या चार-फटक्यांच्या एंजिनात हे सारे चक्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरे होते. पूर्वी हे काम कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर ही दोन यंत्रे करीत असत. १९६७ साली बॉश कंपनीची विद्युत-नियंत्रित इंधनपद्धती फोक्सवॅगन १६०० या गाडीवर आली. आपल्याकडे तिचा प्रसार बराच उशिरा झाला. १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी कार्ब्युरेटरवरच चालत होती. तिच्या १,२९८ घनसेंटिमीटरांच्या एंजिनात इंजेक्टर आले ते २००० सालच्या सुमारास. मोटार-शर्यतींत दीर्घकाळ वापरली गेलेली ही गाडी उदाहरणासाठी सोयीची आहे.

समजा, या नंतरच्या जिप्सीचा मूळ कॅमशाफ्ट काढून अधिक उचलीचा बसविला आणि एक्झॉस्टही बदलला. आता एंजिन श्वास निराळ्या रीतीने घेते. कारखान्याने भरून दिलेली कोष्टके मात्र जुन्याच श्वासाची आहेत. येथे मालकापुढे तीन मार्ग असतात. मूळ संगणकातील कोष्टके उघडून बदलणे हा पहिला. मूळ संगणक तसाच ठेवून, त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या संकेतांत लबाडी करणारी एक पेटी मध्ये बसविणे हा दुसरा. हिला व्यापारी ‘पिगीबॅक’ म्हणतात, आणि आपल्या ‘पाठुंगळी’ या शब्दाने तिचे स्वरूप अधिक नेमके कळते, कारण खालचा दमला की वरचाही थांबतो. तिसरा मार्ग म्हणजे संपूर्ण स्वतंत्र संगणक. केवळ एक्झॉस्ट बदललेल्या गाडीला यांपैकी कशाचीच गरज सहसा नसते. ही गोष्ट विक्रेता सांगत नाही, म्हणून येथे नोंदविली.

स्वतंत्र संगणकाच्या मुळाशी एक चौकोनी कोष्टक असते. आडव्या अंगास एंजिनाचा वेग, उभ्या अंगास मॅनिफोल्डमधील दाब, आणि प्रत्येक घरात त्या स्थितीत सिलिंडर हवेने किती भरतो त्याचा आकडा. सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरांचे कोष्टक आज सामान्य झाले आहे. संगणक नवा असताना ही घरे आपल्या गाडीच्या दृष्टीने रिकामीच समजावीत. व्याकरण तयार आहे, शब्दकोश कोरा आहे. तो भरणारा मनुष्य कोण, हा निवडीतील पहिला प्रश्न होय. त्यानंतर पेटीची किंमत.

कोष्टकाभोवती दुरुस्तीची लहान कोष्टके असतात, आणि गॅरेजातील वाक्यांचे अर्थ तेथे सापडतात. ‘पिकअप गेला’ म्हणजे पुष्कळदा पाय दाबताक्षणी द्यावयाचे जास्तीचे पेट्रोल कमी पडते. ‘सकाळी स्टार्ट होत नाही’ ही तक्रार थंड एंजिनाच्या कोष्टकाकडे बोट दाखविते. चढावर येणारी खडखड बहुधा ठिणगी फार आधी पडल्याची खूण असते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर दट्ट्या वितळण्यापर्यंत मजल जाते. (‘दट्ट्या’ पाठ्यपुस्तकातच राहिला; गॅरेजात त्याला पिस्टनच म्हणतात, आणि तसे म्हणणाऱ्यास मी दोष देणार नाही.) ‘मिसिंग’ हा शब्द मात्र फसवा आहे. ठिणगी न पडणे, पेट्रोल न येणे आणि संगणकाने क्रँकच्या चाकावरील दात्यांची गणती चुकणे या तिन्ही अवस्थांना तो सारखाच लावला जातो. म्हणून आपल्या चाकावर साठांपैकी दोन दाते गाळलेले आहेत की छत्तिसांपैकी एक, आणि निवडलेल्या संगणकास ती रचना वाचता येते काय, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

आता वाशीमच्या हवेकडे वळू. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मे महिन्यात ४२ अंश तापमानाला एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.०५ किलोग्रॅम भरते. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना तेच १.१६ किलोग्रॅम होते. म्हणजे एकाच गावात, एकाच गाडीत, दहा टक्क्यांचा फरक. जानेवारीत भरलेले कोष्टक तापमानाची दुरुस्ती नसेल तर मे महिन्यात गाडीला पेट्रोल अधिक पाजील, आणि मे महिन्यात भरलेले कोष्टक जानेवारीत तिला उपाशी ठेवील. यांतील दुसरी अवस्था अधिक घातक होय. त्यातही एक खोच आहे. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर तापलेल्या धातूच्या मॅनिफोल्डात बसविला असेल, तर समृद्धी महामार्गावरून धावून शेलूबाजारला दहा मिनिटे थांबलेली गाडी पुन्हा सुरू होताना तो हवेऐवजी धातूचेच तापमान सांगतो. संगणक त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी करतो व गाडी अडखळते. हा दोष दूर करण्यास सेन्सर एअर-फिल्टरजवळ हलवावा, आणि जो संगणक या दुरुस्तीचे कोष्टक मालकास खुले ठेवतो तोच घ्यावा.

इंधनाविषयीही असेच. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर आले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग लागतात. या मिश्रणास साडेतेराच्या आसपास पुरतात. परदेशी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले कोष्टक निव्वळ पेट्रोलचे असेल, तर आपल्या गाडीस इंधन आठ-नऊ टक्के कमी पडेल. म्हणून विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन-सेन्सर जोडता येणे ही मी चैनीची बाब मानीत नाही. इंजेक्टरचे मापही याच हिशेबाने ठरते. १०० अश्वशक्तीस ताशी सुमारे २२ किलोग्रॅम, म्हणजे मिनिटाला ५०० घनसेंटिमीटर पेट्रोल लागते. चार इंजेक्टरांत वाटून आणि प्रत्येकास थोडी उसंत ठेवून एकेकाचे माप दीडशेच्या वर असावे, इथेनॉल धरून एकशे साठ-पासष्ट.

कोणता संगणक घ्यावा? मोटेक, हॅलटेक यांसारख्या ऑस्ट्रेलियन पेट्या बंदिस्त, पाणी व धूळ सोसणाऱ्या आणि महाग. मेगास्क्वर्ट २००१ सालापासून हौशी लोकांच्या हाती आहे. स्पीडुइनोची तर आज्ञावली व आराखडे सर्वांस खुले आहेत. डायनोवर गाडी चढवून जुळवणी करणारे तज्ज्ञ पुण्या-मुंबईकडे. वाशीमच्या मालकास लॅपटॉपवर नोंदी घेत रस्त्यावरच काम करावे लागणार. त्यामुळे ज्याची पुस्तिका सविस्तर आहे व ज्यात नोंदी ठेवण्याची सोय वेगळे पैसे न भरता मिळते, त्याकडे माझा कल आहे. सोल्डरिंग जाणणारा मित्र असेल तर खुल्या आराखड्याचा संगणक घ्यावा व तो बॉनेटखाली न बसविता गाडीच्या आत बसवावा. तसा मित्र नसेल तर बंदिस्त पेटीस पैसे घालणे शहाणपणाचे.

कायद्याचा प्रश्न टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये, ज्या रचनाबदलाने वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते तो ‘फेरफार’, अशी व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. संगणक बदलणे हे ‘मूलभूत वैशिष्ट्य’ बदलणे होते काय, हा अर्थनिर्णयाचा सुंदर प्रश्न खरा. पण एमएच-३७ क्रमांकाची गाडी रस्त्यावर आणणाऱ्याने तो आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयातच विचारावा. धूर-तपासणीचे यंत्र व्याख्येसाठी थांबत नाही. केवळ शर्यतीच्या मैदानावर चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी.

पेटी बसविल्यावर पहिले काम कोष्टक भरण्याचे नाही. ठिणगी एका ठरावीक अंशावर, उदाहरणार्थ दहावर, स्थिर करावी आणि टायमिंग-लाइटने पुलीवरील खूण पाहावी. पडद्यावर दहा आणि पुलीवर वीस दिसत असतील, तर ठिणगीच्या कोष्टकातील प्रत्येक आकडा दहा अंशांनी खोटा ठरतो. मग तो कितीही काळजीपूर्वक भरलेला असो.