पावसाच्या पाण्यात काय काय असते?

पावसाचे पाणी म्हणजे अगदी शुद्ध पाणी, असे आपण सहज म्हणतो. विहिरीच्या पाण्यापेक्षा ते पुष्कळ हलके असते हे खरे. पण त्यात काहीच नसते असे मात्र नाही. ढगात थेंब तयार होतो तोच मुळी मिठाच्या किंवा धुळीच्या बारीक कणाभोवती. पुढे खाली येताना तो हवेतले बरेच काही धुऊन आणतो. म्हणून पाऊस कोणत्या वाटेने आला, हे त्याच्या पाण्यावरून कळते.

सुरतेचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो. लाटा फुटतात तेव्हा फेसातील बुडबुड्यांतून खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार उडतात आणि मीठ वाऱ्याबरोबर चालू लागते. त्यामुळे ओलपाड, चोर्यासीच्या किनाऱ्यावर पावसात मीठ अधिक. व्यारा, नवापूरकडे आत जावे तसतसे ते कमी होत जाते. उन्हाळाभर कोरड्या रानातून उडालेल्या धुळीत चुनखडीचे कण असतात. कोळसा आणि तेल जाळल्याने गंधक व नत्राचे वायू हवेत जातात, त्यांची पाण्यात आम्ले बनतात. वीज चमकली की हवेतल्या नत्राचाही थोडा अंश पावसात उतरतो.

स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा किंचित आंबट असतो, कारण हवेतला कार्बनवायू त्यात विरघळतो. त्याचा सामू सुमारे 5.6 भरतो (सामू 7 म्हणजे ना आंबट ना खारट). युरोपात कारखान्यांच्या धुरामुळे पाऊस याहून पुष्कळ आंबट झाला आणि स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांतले मासे मेले. आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी धुळीतला चुना हे आम्ल मारतो, म्हणून आपण बचावलो. तथापि भर पावसाळ्यात धूळ बसल्यावर धूर तसाच राहिला तर हे संरक्षण कमी पडते, हे विसरू नये.

मग जिथे धूळ नाही, कारखाने नाहीत, तिथे काय? यासाठी शास्त्रज्ञ ध्रुवप्रदेशातील बर्फ तपासतात. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली. आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हे काम पाहते. तिथले बर्फ थरावर थर साचलेले असते, जणू वर्षावर्षाची खातेवहीच. त्यात समुद्राचे मीठ सापडते. 1815 साली इंडोनेशियात फुटलेल्या तांबोरा ज्वालामुखीचे आम्लही दोन्ही ध्रुवांच्या बर्फात सापडते. ग्रीनलंडच्या बर्फात मोटारींच्या पेट्रोलमधले शिसे वाढत गेलेले दिसले, आणि पेट्रोलमधून शिसे काढल्यावर ते घटलेलेही दिसले. म्हणजे इथे सोडलेला धूर कुठेतरी उतरतोच. आणि सोडणे थांबवले तर हवा सुधारतेही.

आता आपल्या शेताचा हिशेब करू. एक हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे 40 लाख लिटर पाणी. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम नत्र धरले तर हंगामात 2 किलो नत्र मिळते, म्हणजे सव्वाचार किलो युरियाएवढे. ‘पावसाने खत दिले’ म्हणून उसाची मात्रा कमी करण्याइतके हे नाही.

मिठाचे पाहा. लिटरमागे 5 मिलिग्रॅम मीठ धरले तर सबंध पावसाळ्यात एकरी 20 किलो येते. पण किनाऱ्याकडील बोअरच्या पाण्यात लिटरमागे 1 ग्रॅम क्षार असले, तर 6 सेंटिमीटरच्या एकाच पाळीत 240 किलो क्षार जमिनीत जातात! तेव्हा जमीन खारावते ती पावसाने नव्हे. उलट, साचलेले क्षार धुऊन नेणारा पाऊसच आहे. मात्र त्याला बाहेर जायला वाट हवी. म्हणून:

1. जूनपूर्वी शेताचे चर साफ करावेत. निचरा नसेल तर क्षार पुन्हा वर येतात.
2. बोअरचे पाणी व माती तपासून घ्यावी. जिप्सम घालायचे ते अहवाल पाहूनच.
3. कालव्याचे गोडे पाणी मिळत असेल तर रोपे कोवळी असताना तेच द्यावे.

घरी छपरावरचे पाणी साठवणाऱ्यांनी पहिले एक-दोन चांगले पाऊस वाहून जाऊ द्यावेत. हवेतली धूळ व धूर, छपरावरची पक्ष्यांची घाण, सारे त्यांत उतरते. पन्हळ स्वच्छ ठेवावी, तिच्या तोंडाला जाळी लावावी, टाकी झाकावी आणि पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. पाणी निर्मळ दिसले तरी त्यात रोगजंतू असू शकतात, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे.