लेजर शाबूत, इंडेक्स बिघडलेला

गेल्या पावसाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या संगणकाच्या पडद्यावरची यच्चयावत चित्रं एकसारखी झाली. वर्डचं गेलं, इंटरनेटचं गेलं, नातवाच्या बुद्धिबळाचं गेलं. जिकडंतिकडं नोटपॅडची ती निळसर वही. कुठल्याही वहीवर टिचकी मारा, आत इंग्रजी एल हे एक अक्षर आणि त्यामागं ठिपक्या-चौकटींची रांगोळी. कादंबरीचं चित्रही त्यातलंच एक. सहा वर्षांचं लेखन, चारशेबारा पानं, आणि दुसरी प्रत ज्या पेनड्राइव्हवर होती तो तर आदल्या दिवशीच आजारी पडून आलेला.

दोष माझाच होता. स्टेशनाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काही प्रकरणं छापून आणायला पेनड्राइव्ह दिला होता. तिथं दिवसभरात किती जणांचे पेनड्राइव्ह त्या एकाच यंत्रात जातात, ते कोण मोजतो? घरी येऊन पाहतो तर माझ्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचं, पण कोपऱ्यात वळणदार बाण असलेलं चित्र. ते उघडेना. माझी खटपट चालूच, तेवढ्यात 'हे कशात उघडू?' अशी विचारणा झाली. मी नोटपॅड निवडलं. खाली 'नेहमी यातच उघडा' या अर्थाच्या चौकटीत बरोबरची खूण होती, ती काढायचं सुचलं नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसानं न वाचता सही करावी, तसला प्रकार.

दुरुस्तीवाला मुलगा आला, त्यानं उभ्याउभ्याच निकाल दिला, "अंकल, फॉरमॅट मारना पडेगा." सौ. म्हणाली, एवढं म्हणतोय तर मारू दे. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

याला कारण एक जुनी आठवण. ऐंशीच्या दशकात कोकणातल्या एका शाखेत मी बचत खात्यांच्या लेजरवर होतो. प्रत्येक खात्याला फोलिओ क्रमांक, आणि नावावरून फोलिओ सापडावा म्हणून वेगळं इंडेक्स रजिस्टर. एका जूनमध्ये छत गळून त्या इंडेक्सची पानं लगद्यासारखी झाली. खातेदार काउंटरवर उभे आणि आम्हाला त्यांची खाती सापडेनात. पण म्हणून कुणाची रक्कम बुडाली नव्हती. लेजर कपाटात कोरडं होतं. आम्ही दोघांनी तीन रात्री बसून पानामागून पान उलटत नवा इंडेक्स लिहिला. तेव्हा कुणी 'लेजर जाळून नव्यानं सुरुवात करू' म्हणालं असतं, तर त्याची बदली कुठं झाली असती देव जाणे.

शॉर्टकट म्हणजे असाच फोलिओ क्रमांक. बाणाचं ते चित्र ही कादंबरी नसते, ती कुठं ठेवली आहे याची चिठ्ठी असते. विंडोज ९५ बरोबर, म्हणजे ऑगस्ट १९९५ मध्ये, या चिठ्ठ्या घरोघरच्या पडद्यांवर आल्या. चिठ्ठीच्या फायलीचं आडनाव डॉट एलएनके. फायलीच्या आडनावावरून ती कुठल्या टेबलावर पाठवायची हे ठरतं. डॉट डॉक असेल तर वर्डकडे, डॉट टीएक्सटी असेल तर नोटपॅडकडे. आमचा शिपाई व्हाउचरचा रंग बघून ती टेबलोटेबली टाकत असे, तसंच. मी नकळत शिपायाला सांगून बसलो होतो की, यापुढं सगळ्या चिठ्ठ्या नोटपॅडच्या टेबलावर टाक.

गंमत अशी की हे आडनाव विंडोज आपल्याला सहसा दाखवतच नाही. ओळखीची आडनावं लपवायची, ही तिची पहिल्यापासूनची रीत. त्याचा फायदा ४ मे २००० रोजी पसरलेल्या प्रेमपत्राच्या विषाणूनं घेतला. फायलीच्या नावात शेवटी टीएक्सटी दिसे, त्यापुढचं खरं आडनाव व्हीबीएस झाकलेलं राही. साधं पत्र समजून लोकांनी ते उघडलं आणि जगभर लाखो यंत्रं हैराण झाली. मी तेव्हापासूनच आडनावं उघडी ठेवायला हवी होती. असो.

पुण्याच्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, चित्रांना हात लावू नका. विंडोजची कळ दाबून धरा आणि ई दाबा." खिडकी उघडली. डी ड्राइव्ह, लेखन, कादंबरी. फाइल तिथंच होती, तारखेसकट. मग तीच कळ आणि आर, छोट्या चौकटीत 'विनवर्ड' असं टाइप केलं, तर वर्ड मुकाट्यानं हजर! चिठ्ठीशिवाय थेट नाव घेऊन हाक मारली की तो येतो. पहिलं प्रकरण पडद्यावर दिसलं आणि मी फोन तसाच ठेवून पाणी प्यायला गेलो.

पुढची दुरुस्ती रजिस्ट्रीत. आम्हा बँकवाल्यांना रजिस्ट्री म्हटलं की पोस्टाची पावती आठवते; इथं ती संगणकाच्या सगळ्या नोंदींची महाखतावणी. 'रेगएडिट' लिहून आत शिरलो. भाचीनं आधी त्या भागाची प्रत काढून ठेवायला लावली, हे मला फार आवडलं. वापरकर्त्याच्या कप्प्यात एक्सप्लोरर, त्याखाली फाइलएक्स्ट्स, त्याखाली डॉट एलएनके आणि त्यात यूजरचॉइस नावाची नोंद. मी दिलेला तो अविचारी हुकूम तो हाच. तेवढी एकच नोंद खोडली, संगणक बंद करून चालू केला. सगळी चित्रं आपापल्या घरी परतली. (माझं यंत्र विंडोज ७ चं. विंडोज ८ पासून या नोंदींवर एक प्रकारचा शिक्का असतो, तिथं हातानं नवी नोंद लिहिली तर ती मानली जात नाही. शिक्क्याची सवय असल्यानं मला त्यात काही वावगं वाटलं नाही.)

पेनड्राइव्हचं दुखणं वेगळं. तिथं विषाणूनं मूळ फोल्डर नाहीसे केले नव्हते, फक्त लपवले होते आणि त्यांच्या जागी आपल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. आधी विषाणू साफ केला, मग काळ्या खिडकीत अ‍ॅट्रिब ही आज्ञा देऊन फायलींवरच्या 'लपलेली' आणि 'सिस्टिम' या खुणा उतरवल्या. फोल्डर वर आला.

मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून ज्याची देखभाल थांबवली, ते विंडोज ७ मी का सांभाळतो, असं भाचीनं विचारलं. कारण त्या कादंबरीचा फाँट. नव्वदच्या दशकात मराठी लिहायचं तर श्रीलिपी, आकृती, आयएसएम असे वेगवेगळे संसार होते, आणि माझी बोटं त्यातल्याच एका फाँटवर बसली. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की माझी नायिका उलट्यापालट्या रोमन अक्षरांत बोलू लागते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फाँट विंडोजमध्ये आला, त्यालाही आता दोन तपं उलटली. मीच हललो नाही. भाईंदरमधल्या ऐंशीच्या दशकातल्या इमारती आमच्याभोवती एकेक करून पाडल्या जात आहेत. मीही 'अजून भिंती शाबूत आहेत' म्हणत बसणाऱ्यांतला.

सध्या रोज सकाळी दहा पानं युनिकोडमध्ये नेतो. बदलणारा प्रोग्रॅम बरंच करतो, पण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. तिथं तो अधूनमधून अडखळतो. रफार तर हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक ओळ वाचावी लागते. एकशेचाळिसाव्या पानावर काल असं आढळलं की नायिकेचा भाऊ दोन प्रकरणांपूर्वी वारला आहे आणि इथं तो तिला स्टेशनवर सोडायला आला आहे. हे मात्र फाँटचं काम नव्हे.