शिबिराची सहल ठरवताना आधी पाणी बघा

उन्हाळी शिबिरातून मुलांची एक दिवसाची सहल निघतेच. चिखलीला इंद्रायणी लागूनच, त्यामुळे मुलांना आधी नदीच सुचते. पण वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली खोल खड्डे असू शकतात, आणि डोंगरात पाऊस पडला की खाली लोंढा अचानक येतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ पुण्याहून गेलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले.

त्यापेक्षा चिंचवडचं सायन्स पार्क किंवा निगडीची दुर्गा टेकडी बरी. टेकडीवर जायचं तर फजरनंतर निघावं, ऊन चढायच्या आत परतावं. गाडीत चढताना-उतरताना हजेरी घ्यावी. अम्मी-अब्बांनी होकार देण्याआधी एवढं विचारावंच: वाटेत कुठे पाणी आहे का, आणि मुलांसोबत मोठी माणसं किती?