गाडी गेली, नोंद राहिली!

गेल्या बाजारी तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाच्या सावलीला एक शेतकरी बसलेले दिसले. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची चळत. सकाळपासून तीन खिडक्या करून झाल्या होत्या. काय काम काढलंत म्हणून विचारले, तर त्यांनी एक कागद पुढे केला. घरच्या मंडळींचे ‘लाडकी बहीण’चे पंधराशे रुपये बंद झाले होते. चौकशी केल्यावर उत्तर मिळाले, कुटुंबात चारचाकी आहे.

‘‘आहे नव्हं, होती,’’ ते म्हणाले. ‘‘आठ महिने झाले, फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. भर बाजारात, लोकांदेखत. गाडी त्यांच्या आवारात उभी, आन् नाव माझ्या बायकोचं कापलं. आता बोला!’’

नाव छापू का, असे विचारले तर नको म्हणाले. भावकीत आधीच हसे झाले होते.

हकिकत साधी आहे. जमीन तीन एकर. त्यातली एकभर विहिरीच्या जिवावर भिजते, तीही पाऊस बरा झाला तर. २०२१ साली त्यांनी एका खासगी फायनान्सकडून कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. वस्तीवरच्या दुधाच्या किटल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा भाजीपाला घेऊन पहाटे तालुक्याला जायचे, येताना पेंडीची पोती आणायची. दोन वर्षे एकही हप्ता चुकला नाही. मग विहिरीने तळ गाठला, लोकांनी जनावरे कमी केली, भाडे आटले. चार हप्ते थकले आणि एका सकाळी चौघे जण येऊन किल्ली घेऊन गेले.

या गाडीकडे तीन कचेऱ्या तीन नजरांनी पाहत होत्या. आर.टी.ओ.च्या लेखी ती मालवाहू गाडी, म्हणजे परवाना, विमा, पासिंग आणि दंड. फायनान्सच्या लेखी ती तारण. तहसीलच्या लेखी ती श्रीमंतीची खूण. गाडीवर संसार चालतो, हे मात्र कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

पात्रतेची रेघ

लाडकी बहीण योजना २०२४ साली आली तेव्हापासून ही अट आहे. कुटुंबातील सदस्याच्या नावावर चारचाकी वाहन असेल तर लाभ नाही, ट्रॅक्टर मात्र चालेल. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. पाच एकरांची अट सुरुवातीला घातली होती, ती ओरड झाल्यावर जुलै २०२४ मध्येच काढून टाकली. चारचाकीची राहिली. २०२५ च्या सुरुवातीला अंगणवाडी सेविकांना घरोघरी पडताळणीला पाठवले. सेविका दारात उभी राहून रिकामे अंगण पाहते, पण हातातली यादी वाहन आहे म्हणते. यादी आर.टी.ओ.च्या नोंदीवरून केलेली. त्या बिचारीने काय लिहायचे?

ट्रॅक्टर वगळला हे ठीकच झाले. पण हाच ट्रॅक्टर घरकुलाला आडवा येतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात, तीन किंवा चार चाकांचे यांत्रिक शेती अवजार असलेले कुटुंब बाद ठरते. म्हणजे एकाच घरात, एकाच ट्रॅक्टरमुळे, बायको गरीब आणि नवरा श्रीमंत! २०२४ साली या घरकुलाच्या अटी थोड्या सैल केल्या. पूर्वी दुचाकी, फ्रिज किंवा दारात टेलिफोन असला तरी नाव उडत असे, ते आता काढले. महिन्याच्या कमाईची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार केली.

पण त्याच यादीत एक अट अशी राहिली आहे की ती वाचून हसावे की रडावे कळत नाही. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा त्याहून अधिक असेल तर घरकुल नाही. ही मर्यादा म्हणजे काही बँकेतली शिल्लक नव्हे, ते कर्ज आहे. पीक कोणते आणि क्षेत्र किती यावर बँक तिचा हिशेब करते. दोन एकर ऊस असला तरी आकडा पन्नास हजारांपुढे जातो. ज्याने जास्त कर्ज काढले तो सधन, असा हा हिशेब आहे. सावकारही असा हिशेब करीत नाही.

संजय गांधी निराधार योजनेचे गणित तर पाटीवर मांडून पाहण्यासारखे आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. जुलै २०२३ मध्ये मानधन हजारावरून पंधराशे झाले, पण मर्यादा तेव्हा तिथेच ठेवली. आता रोजगार हमीची मजुरी घ्या. २०२४-२५ साली महाराष्ट्रात ती रोज २९७ रुपये होती आणि केंद्राच्या कायद्याने घराला शंभर दिवसांच्या कामाची हमी होती. शंभर दिवसांचे झाले २९,७०० रुपये. सरकारने हमी दिलेले काम घरातल्या एकाने पुरे केले, तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेत ते घर निराधार उरत नाही. मग काय होते ते गावाला ठाऊक आहे. दाखल्यावर वीस हजार लिहिले जातात. लिहून घेणाऱ्याला माहीत असते, लिहिणाऱ्यालाही माहीत असते. उद्या कोणी तक्रार केली की खोटेपणाचा डाग मात्र म्हातारीच्या नावावर.

पोटासाठीचे वाहन आणि मिरवायचे वाहन यांत फरक करणे सरकारला जमत नाही, असेही नाही. १९९९ साली रेशनकार्डे तीन रंगांची झाली, तेव्हा केशरी कार्डासाठी चारचाकी नसावी ही अट होतीच. पण घरातला माणूस टॅक्सीचालक असेल तर त्याला तीतून वगळले होते. पंचवीस वर्षांपूर्वी शहरातल्या टॅक्सीवाल्याला जे मिळाले, ते खेड्यातल्या दुधाच्या पिकअपवाल्याला का नाही, हा प्रश्न आमदारांना विचारायला हरकत नाही.

दंडाचे ओझे

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठा बदल झाला. परवान्याशिवाय गाडी चालवण्याचा दंड पाचशेवरून पाच हजार झाला. विमा नसेल तर पहिल्या वेळी हजाराऐवजी दोन हजार. जादा भाराला पूर्वी दोन हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला एक हजार होते, ते वीस हजार आणि टनाला दोन हजार झाले. महाराष्ट्राने अंमलबजावणी काही काळ थांबवून ठेवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर बापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते.

पारावर या दंडांवर फार शिव्या पडतात. आमचे मत थोडे वेगळे आहे, कुणाला राग आला तरी चालेल. ऊसाच्या हंगामात रात्री रस्त्यात उभी राहिलेली, मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली ज्याने पाहिली आहे, त्याने दंडाविरुद्ध बोलताना दोनदा विचार करावा. लग्नाचे वऱ्हाड ट्रॉलीत बसवून नेणे हाही काही हक्क नाही. उलटली तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई शेत विकून द्यावी लागते. गाऱ्हाणे दंड असण्याचे नाही. वीस हजार म्हणजे पन्नास ट्रक बाळगणाऱ्याला एका दिवसाचा खर्च आणि पिकअपवाल्याला तीन महिन्यांचे हप्ते. कायदा माणसाची ऐपत पाहत नाही, आणि योजना मात्र ऐपतीशिवाय काहीच पाहत नाही.

चालकांच्या बाजूने झालेल्या दोन गोष्टी मात्र गावात फारशा पोचलेल्या दिसत नाहीत. व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला आठवी पास लागायचे, ती अट २०१९ साली गेली. आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्याला वेगळा शिक्का लागत नाही. परवाना चुकीच्या प्रकारचा आहे एवढ्यावर अपघाताचा दावा अडवला जात असे, त्यांना हा निकाल दाखवता येईल.

तारण आणि जप्ती

कर्जापायी शेतकऱ्याचे काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा वाद या मुलखात नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमात शेतकऱ्याची औते, पोटापुरती जनावरे, बियाणे आणि तो राहतो ते घर जप्तीतून वगळले. स्वयंपाकाची भांडी आणि रूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असे दागिनेही वगळले. हे कलम आजही आहे.

पण जी वस्तू आपण होऊन तारण लिहून दिली, तिला या कलमाची ढाल मिळत नाही. गाडीचे कर्ज काढताना आपण वीस-पंचवीस ठिकाणी सह्या करतो त्या ह्यासाठीच. आर.सी. बुकावर फायनान्सचे नाव चढते आणि बैलाला असलेले संरक्षण गाडीला उरत नाही. शेतजमिनीचे थोडे निराळे आहे. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो कायदा बँकांना २००२ साली मिळाला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. सोसायटी आणि जिल्हा बँक मात्र सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुलीचा दाखला घेऊन जप्तीपर्यंत येऊ शकतात. सातबाऱ्यावरचा बोजा म्हणूनच हलका समजू नये.

वसुलीलाही रीत आहे. गुंड लावून वाहन ओढू नये, असे सुप्रीम कोर्टाने २००७ साली बजावले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये. फायनान्स कंपन्यांसाठी तिचा आणखी एक नियम आहे. ताबा घेण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस, लिलावाआधी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी, हे करारातच लिहिलेले असले पाहिजे आणि कराराची प्रत कर्जदाराला मिळाली पाहिजे. आमच्या या शेतकऱ्यांच्या पिशवीत सगळे कागद होते, करार तेवढा नव्हता. ‘‘सही घेतली, म्हणाले पोस्टानं येईल.’’

कर्जमाफीतही रेघच. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत दोन लाखांपर्यंत थकबाकी माफ झाली, त्यावर एक रुपया गेला की काहीच नाही. वेळेवर फेडणाऱ्यांच्या पन्नास हजारांचे वाटप व्हायला २०२२ उजाडले. या विषयावर पारावर रात्र सरेल, इथे तेवढी जागा नाही.

नाव निघत कसे नाही?

मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी ओढून नेली म्हणजे नोंद बदलली असे होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५१व्या कलमाखाली फायनान्स कंपनीने नमुना ३६ भरून अर्ज केला, तर मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन नवे आर.सी. कंपनीच्या नावाने निघू शकते. पुष्कळदा कंपनी त्या भानगडीत पडत नाही. गाडी आवारात उभी ठेवते, लिलावात विकते, घेणारा सवडीने नाव लावून घेतो. तोवर चलान येते जुन्या मालकाला, योजनेतून नाव कटते ते जुन्या मालकाच्या घरचे. लिलावात कमी पैसे आले तर उरलेल्या बाकीचा तगादाही त्यालाच.

हात बदललेल्या जुन्या गाड्यांचे तेच होते. स्टॅम्पवर लिहून दिले, किल्ली दिली, चहा झाला. नमुना २९ आणि ३० कोण भरतो? सुप्रीम कोर्टाने २०१८ साली एका अपघाताच्या दाव्यात स्पष्ट केले आहे की नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, गाडी मग कितीही हात फिरलेली असो. कर्ज फिटल्यावर नमुना ३५ आणि कंपनीचा दाखला देऊन बोजा उतरवून घेणे हेही असेच राहून जाते.

गाडी ओढून नेताना सामानाची यादी आणि ताबा पावती मागून घ्यावी. देत नसतील तर त्याच दिवशी पोलिस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी. ग्रामपंचायत अधिकारी आणि महसूल अधिकारी मंडळींना एक विनंती. अर्जासोबत गाडी हजर नसल्याचा स्थळ पंचनामा लावता आला, तर वरच्या टेबलावर यादीपलीकडचा एक कागद तरी जाईल. त्याने नाव लगेच लागेलच असे नाही.

त्या शेतकऱ्यांनी लिंबाखालीच बसून अर्ज लिहून घेतला. कंपनीची नोटीस जोडली, आठ महिन्यांपूर्वीची ताबा पावती मात्र नव्हतीच. चौथ्या खिडकीवर शिक्का मारून पोच मिळाली. ती त्यांनी दोनदा वाचली, चौघडी करून वरच्या खिशात ठेवली आणि शेवटची एस.टी. किती वाजता, ते विचारले. पूर्वी त्यांना ते वेळापत्रक लागत नसे.