पाकिटाची मागची बाजू

अंबड तालुक्यातल्या शहागडला धुळे-सोलापूर महामार्ग गोदावरी ओलांडतो आणि जालना जिल्हा मागे टाकून बीडकडे निघतो. पाचोड, वडीगोद्री, शहागड, गेवराई या पट्ट्यात रात्रंदिवस वाहतूक असते आणि हंगामात उसाच्या गाड्यांची त्यात भर पडते. अशा रस्त्यावरच्या गावात तयार खाण्याला गिऱ्हाईक कायम असतं. ट्रकचालकाला वेळ नसतो, खोली करून शिकणाऱ्या पोराकडे धड भांडी नसतात, दिवसभर दुकानात किंवा दवाखान्यात उभ्या राहिलेल्या बाईच्या अंगात रात्री कणीक मळायचं त्राण उरत नाही. या माणसांना ‘पाकिटातलं खाऊ नका’ एवढंच सांगणं म्हणजे सल्ला देण्याची जबाबदारी टाळणं आहे. पाकिटातलं अन्न ते खाणारच आहेत. त्यातलं बरं कोणतं आणि ते ओळखायचं कसं, हे त्यांना सांगायला हवं. माझं म्हणणं असं, की ही ओळख पाकिटाच्या मागच्या बाजूवर होते आणि ती करायला आहारतज्ज्ञ असावं लागत नाही.

आधी एक समज बाजूला ठेवू. जे महिनोन्‌महिने टिकतं त्यात काहीतरी औषध घातलेलंच असणार, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तयार डाळ, राजमा, छोले ज्या चकाकत्या जाड पाकिटात येतात, त्यांच्या बाबतीत हे खरं नाही. पॉलिस्टर, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पॉलिप्रॉपिलीन अशा थरांच्या पिशवीत शिजवलेलं अन्न भरून ती हवाबंद करतात आणि मग पिशवीसकट दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. त्यात जंतू मरतात, बाहेरून नवे शिरू शकत नाहीत, म्हणून अन्न टिकतं. याला रिटॉर्ट म्हणतात. आपल्याकडे हे तंत्र रुजवण्यात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने सैनिकांच्या शिध्यासाठी ते विकसित केलं आणि पुढे खासगी कंपन्यांनाही दिलं. दुसरा जुना मार्ग वाळवण्याचा. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, सांडगे ही आपली तयार खाणीच आहेत. पुण्यात १९६३ साली सुरू झालेल्या गिट्सने झटपट पिठांचा धंदा उभा केला, तोही वाळवणाच्याच तत्त्वावर. तेव्हा टिकाऊपणा हा दोष धरायचं कारण नाही. दोष शोधायचा तर काय घालून आणि किती घालून केलंय, यात शोधावा.

तिथे मात्र पाकीट-पाकिटात फार फरक आहे. एका बाजूला डाळ, कांदा, टोमॅटो, तेल, मीठ, मसाला अशी घरात ओळखू येणारी यादी असते. दुसऱ्या बाजूला मैदा, पाम तेल, स्टार्च, कृत्रिम स्वाद, रंग आणि चव वाढवणारे पदार्थ एकत्र करून कारखान्यात घडवलेली वस्तू असते. ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुसऱ्या प्रकाराला अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणून वेगळं काढलं. हा भेद नुसता पुस्तकी नाही, हे २०१९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका प्रयोगात दिसलं. केव्हिन हॉल यांच्या गटाने २० माणसांना आपल्या देखरेखीखाली ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या ताटात दोन्ही वेळा कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच होता आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच कमी झालं. २० माणसं आणि दोन आठवडे म्हणजे थोडंच, हा आक्षेप बरोबर आहे. त्यावरून आयुष्यभराचा निष्कर्ष काढता येणार नाही. पण असं अन्न भरभर खाल्लं जातं आणि पोटात जास्त जातं, एवढं त्यातून दिसतं.

आता पाकीट उलटं करू. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त ते पहिलं. म्हणून पहिले तीन घटक वाचले की निम्मं काम झालं. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ हे मैद्याचंच नाव आणि पामोलिन हे पाम तेलच. माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही मंडळी साखरेच्या घरची. आकड्यांच्या नावाने मात्र घाबरू नये; ३३० हा क्रमांक सायट्रिक आम्लाचा, जे लिंबातही असतं. घटकांनंतर पोषणाचा तक्ता पाहावा, आणि तयार जेवणाच्या बाबतीत तो सोडियमपासून वाचावा. दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आहे. राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीय प्रौढ माणूस आधीच दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो. समजा, डाळीच्या एका पाकिटावर १०० ग्रॅममागे ४५० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. आकडा लहान दिसतो. पण पाकीट ३०० ग्रॅमचं आहे, आणि भुकेला माणूस ते एकटाच संपवतो. झालं १३५० मिलिग्रॅम, दिवसाच्या मर्यादेच्या दोन तृतीयांश, तेही एका जेवणात आणि लोणचं-पापड न धरता. तक्त्यात ‘एका वाढपात’ म्हणून जे प्रमाण देतात ते बहुधा पाकिटाच्या निम्मंच असतं, ही मेख लक्षात ठेवावी. हेच पाकीट दोघांनी भाकरीबरोबर खाल्लं तर हिशेब बराच सुधारतो. रक्तदाब असलेल्याने मात्र हा गुणाकार दर वेळी करावा.

पाकिटाच्या पुढच्या बाजूचा भरवसा धरू नये. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे अनेक धान्यं, पण त्यातलं मुख्य धान्य मैदा असायला काही आडकाठी नाही. ‘तळलेलं नाही, भाजलेलं आहे’ यावरून मीठ कळत नाही. जून २०२४ मध्ये प्राधिकरणालाच सांगावं लागलं, की रसाच्या पाकिटांवरचा ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका; कारण तो रस आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला असतो. ज्या जालना जिल्ह्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, तिथल्या माणसाने रसाचं खोकं घ्यावं आणि मोसंबी सोडावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सगळं कशाला, घरी पिठलं-भाकरी करावी. पिठलं-भाकरी उत्तमच आहे आणि स्वस्तही. तयार डाळीच्या एका पाकिटाच्या पैशात घरी चार माणसांचं वरण होतं. पण ती भाकरी थापायची कुणी, हा प्रश्न त्यात राहून जातो. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची २८९ मिनिटं त्यात जाताना दिसली, पुरुषांची ८८. ऊसतोडीला जाणारी बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते आणि मग फडात उतरते. तिला आठवड्यातून एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली आणि घरच्यांनी पाकिटातली उसळ गरम केली, तर त्यात काही बिघडत नाही. रोज मात्र खिशालाही परवडणार नाही आणि मिठाच्या दृष्टीनेही बरं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गावच्या दुकानात रिटॉर्टची डाळ मिळतेच असं नाही. नूडल्स, फरसाण आणि बिस्किटं मात्र हमखास मिळतात. पण त्याच दुकानात फुटाणे आणि शेंगदाणेही असतात, आणि तयार खाण्यातलं इतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही. फुटाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत २५ च्या आसपास. मूठभर फुटाणे, दोन केळी आणि एक ताक, किंवा दोन उकडलेली अंडी आणि भाकरी, एवढ्यात रस्त्यावरचं एक जेवण निभतं. खारवलेले दाणे घेऊ नयेत, एवढंच पथ्य. नूडल्सच घ्यायचे असतील तर मिठाचा मोठा भाग मसाल्याच्या पुडीत असतो, म्हणून ती अर्धीच घालावी आणि पातेल्यात एक अंडं किंवा मूठभर मटार, कोबी टाकावा. थालिपिठाची भाजणी घरात असली तर कांदा-कोथिंबीर घालून गोळा थापायला नूडल्सपेक्षा पाचेक मिनिटंच जास्त लागतात, आणि मैदा टळतो. कोणतंही हवाबंद पाकीट फुगलेलं किंवा ओलसर दिसलं तर ते कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये, आणि फोडलेलं पाकीट दुसऱ्या दिवसावर ठेवू नये.

उरते ती अडचण वाचणाऱ्याच्या हातातली नाही. आपल्याकडे पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचं समाधान होतं. मराठी ऐच्छिक आहे. अक्षर बारीक, भाषा परकी आणि हिशेब १०० ग्रॅमचा, मग वाचणार कोण? चिलीने २०१६ साली जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर समोरच काळी अष्टकोनी चिन्हं सक्तीची केली. ती निरक्षर माणसालाही ओळखता येतात. आपल्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये तारे देण्याचा मसुदा काढला, पण ताऱ्यात अडचण अशी, की थोडा चोथा घालून खारट पदार्थालाही एखादा तारा वाढवून मिळू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत तीन महिन्यांत शिफारशी मागितल्या. इशारा समोर हवा, ठळक हवा, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर तो मराठीत हवा. ही मागणी ग्राहक पंचायतींनी, ग्रामसभांनी आणि शाळांच्या पालकसभांनी ठराव करून प्राधिकरणाकडे पाठवावी.